टाकी मी भरली होती

रियाज,
अम्माचा आशीर्वाद घे, अजून चालत असेल तर.

माझ्या शिवण्णाचा बाप गेल्यावर गंजत पडलेली जावा मोटारसायकल तू आणि शिवण्णाने आठ महिने खपून उभी केलीत. दसऱ्यातल्या आयुधपूजेला चाकाखाली लिंबू ठेवण्याआधी टाकी मी भरली. स्कूटरच्या कॅनमधलं नुसतं पेट्रोल ओतलं, या गाडीला लागणारं ऑइल त्यात मिसळायचं विसरले. नवऱ्याच्या गाडीला तीस वर्षं मीच मिसळून दिलं, त्याचाच माज. चामुंडी टेकडीच्या चढावर इंजिन जाम झालं आणि माझा लेक आपटला.

दारात तो तुझ्यावर ओरडला, "पिस्टन घट्ट बसवलास! भाऊ म्हणवतोस आणि मारायला निघालास?"

तू टाकीचं झाकण काढून वास घेतलास, माझ्याकडे बघितलंस. कळलं तुला. तरी म्हणालास, "असेल, माझंच चुकलं असेल." आणि हत्यारं उचलून गेलास. एरवी गल्लीभर चालणारी माझी जीभ तेव्हा टाळूला चिकटली. शिवण्णा अजून तुझं नाव काढू देत नाही.

गुडघ्यांमुळे तुझ्याकडे येता येत नाही, असं लिहिणार होते. पण काल देवळाच्या पायऱ्या चढून आले, आणि तुझं दुकान देवळाच्या अलीकडे आहे.

पदराआडून पुढे निघून गेलेली,
निंगम्मा