मेंढीचा कान आणि सैकलचं पोट

आदरणीय बुरुल एजे,

तुमच्या धाकट्या भावाचा, जुमाचा सलाम. गुडघे कसे आहेत? लिफ्ट सुरू झाली, की अजून सहा मजले चढताय? इकडे घोड्या, मेंढ्या आणि माणसं खुशाल. (क्रम चुकला असेल तर बायकोला कळवू नका.) पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला टेकडी चढावी लागते.

सांगायचं ते आपल्या नातीचं, सैकलचं. सूनबाईंनी तिला तुमच्या बिश्केकहून इकडे पाठवलं ते अट घालूनच: पोरगी नीट जेवायला लागली की त्याच आठवड्यात घेऊन जाणार, शहरात तिचा इंग्रजीचा क्लास आहे. नऊ वर्षांची पोर. कपड्यांची एक पिशवी आणि नूडल्सच्या पाकिटांच्या दोन. आल्या आल्या आमच्या मेदेरने (धाकट्या लेकाचा मुलगा, तिच्याच वयाचा, चालता चालता खातो, खाता खाता झोपतो) खिशातून कुरुत काढून तिच्या हातावर ठेवलं. वाळवलेल्या दह्याच्या या खारट गोळ्यांवर आपण वाढलो, एजे. तिने वास घेतला आणि विचारलं, कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्या इथे खातात का? गोळ्या बायकोने स्वतः वळलेल्या. ती दोन दिवस धुमसत होती.

मग पाहुणी आली म्हणून मेंढी कापली. घरातला मोठा म्हणून शिजलेलं डोकं माझ्यापुढे आलं. मोठ्यांचं ऐकणारी हो, असं म्हणून मी रीतीप्रमाणे कान कापून तिला दिला. गावची पोरं या कानासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटतात. हिने मात्र तो उलटसुलट करून पाहिला आणि ही सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "आजोबा, या मेंढीला तर दोन कान होते. सगळ्यांचं ऐकत गेली, म्हणूनच इथवर आली ना?"

कान मेदेरने खाल्ला. तो तरीही कोणाचं ऐकत नाही.

पाकिटं चौथ्या दिवशी संपली. तिने नाही, गावच्या कार्ट्यांनी संपवली. नूडल्स कोरड्याच चुरायच्या, वर मसाला भुरभुरायचा आणि फक्की मारायची. बदल्यात तिला मूठमूठ कुरुत. मग ती पोरांबरोबर घोड्या वळायला चढावर गेली आणि परतली ती थेट चुलीपाशी. गरम नान, त्यावर बोटभर साय, तीन वाडगे रस्सा! बायको डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावून वाढत होती. आता गाल लाल झालेत, दिवसभर तोंडात कुरुत असतं. मला इतकं बरं वाटतंय, एजे, की काय सांगू. आणि अट आठवली की माझा नान मेदेरच्या ताटात जातो.

तुमचा,
जुमाकादिर

ता. क. : रविवारी सूनबाई तुमच्याकडे चहाला येतील. पोरगी काहीच खात नाही, निदान शाळा सुरू होईपर्यंत तरी तिला इथून हलवू नये, असं जुमाने कळवलंय म्हणून सांगा. आणि हे पत्र जाळा. तुम्ही खोटं बोलत नाही हे ठाऊक आहे. लहानपणी माझा मार चुकवायला बोलायचात, तसंच समजा.

आणखी एक ता. क. : सैकल रोज टेकडीवर जाऊन आईशी फोनवर बोलते, म्हणून तिलाही ‘मी काही खात नाही’ हे चार शब्द पढवायला बसलो. तिने गालातलं कुरुत दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून आईला तेच सांगतेय, आजोबा. तुम्ही फक्त फोनवर एवढ्या खुशीत बोलू नका."