नेडीनचा रकाना

१३ जुलै, रविवार

बेसबॉलच्या ड्राफ्टच्या, म्हणजे टीमांनी नवी पोरं निवडायच्या, पहिल्या तीन फेऱ्या आज झाल्या. टीव्ही लावला होता, आवाज बंद. आमच्या टीमनं, हेरन्सनी, पहिला घेतला तो कॅलिफोर्नियाचा एक शॉर्टस्टॉप. अठरा वर्षांचा. अंगातला सूट बापाचा असावा, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. नेडीन असती तर सोफ्यावर उभी राहून ओरडली असती. मी बसून बघितलं.

ती जाऊन दहा आठवडे झाले. एकेचाळीस वर्षांचा संसार.

१४ जुलै, सोमवार

उरलेल्या सतरा फेऱ्या आज. शेवटी शेवटी नावं नुसती भराभर वाचून टाकतात, कोणी टाळ्याही वाजवत नाही. मी टोमॅटो चिरत ऐकत होतो. अठरावी फेरी. "हेरन्स. रीस टॅलबर्ट. डावखुरा पिचर. ब्रेमर कम्युनिटी कॉलेज."

सुरी खाली ठेवली. संगणकावर जाऊन पुन्हा बघितलं. तोच!

नेडीनची वही काढली, खेळाडू बघून ती ज्यात टिपणं करायची ती. १२ एप्रिल, ब्रेमर. त्या दिवशी मीच तिला गाडीतून नेलं होतं. जाळीमागे घडीच्या खुर्चीत, दोन ब्लँकेटं गुंडाळून बसली होती. आजारी होती तरी आकडे सरळ आहेत. टॅलबर्टच्या नावाखाली पेन्सिलीनं लिहिलंय — "हेरन्सना अक्कल असेल तर घेतील. अ."

सव्वीस वर्षांत तिनं 'अ' फक्त दोनदा दिला. दोघेही वरपर्यंत, मुख्य टीममध्ये पोचले. हा तिसरा.

हेरन्सना अक्कल आली म्हणायची.

१५ जुलै, मंगळवार

चर्चमधल्या बायका पुन्हा नूडल्स आणि ट्यूना ठेवून गेल्या. फ्रिजमध्ये आता तीन भांडी. तिन्हींवर चिठ्ठी — "काळजी घ्या, वेंडेल." घेतोय!

१७ जुलै, गुरुवार

आम्हा हेरन्सच्या चाहत्यांची, नव्या पोरांना गुण द्यायची बैठक. दरवर्षीप्रमाणे हार्लनच्या टायरच्या दुकानात, मागच्या खोलीत. भिंतीवर खाटकाकडचा तपकिरी कागद, डावीकडे हेरन्सनी घेतलेल्या पोरांची नावं, वर आमची. प्रत्येकाचा एक रकाना. गुण शाईनं, खोडायचं नाही.

आमची म्हणजे माझं नाव त्यात कधीच नव्हतं. मी नेडीनला आणायचो, तिच्यामागे बसायचो, कॉफी ओतायचो. ती दोघांच्या वाटचं बोलायची.

या वेळी कागदावर तिचा रकाना नव्हता. अपेक्षा होतीच.

पेन उचललं. शेवटच्या रकान्याच्या पुढे रेघ मारली आणि वर लिहिलं — नेडीन.

सगळे कागदाकडे बघायला लागले. मग हार्लन म्हणाला, "वेंडेल, हे... असं करत नाहीत रे. आपल्यातला वॉल्टर गेला तेव्हा आपण त्याचा रकाना बंदच केला ना?"

"वॉल्टरनं पुढच्या वर्षीचं काही लिहून ठेवलं नव्हतं. हिनं ठेवलंय."

"ड्राफ्टच्या आधीचे गुण चालत नाहीत."

"कुठे लिहिलंय तसं?"

"लिहिलेलं नाहीये कुठे, पण —"

"मग झालं तर."

एवढं मी त्या खोलीत आजवर कधी बोललो नव्हतो. डॉलीनं हार्लनचा दंड धरला. डॉली शाळेची बस चालवते, भांडणं कशी थांबवायची ते तिला ठाऊक आहे. "लिहू दे त्याला. एकच तर नाव आहे."

मी टॅलबर्टच्या ओळीत 'अ' लिहिला. मोठा. बाकी सगळ्यांचं झालं तेव्हा त्या ओळीत बघण्यासारखं होतं — ड, ड, नापास, ड, नापास आणि शेवटी अ.

मग सुरू झाले सगळे. उंची पाच फूट नऊ इंच. चेंडूचा वेग ताशी चौऱ्याऐंशी मैल, बाकीच्यांचा नव्वदच्या वर. हार्लन म्हणाला, "हा चेंडू टाकतो की पोस्टानं पाठवतो? कॅचरकडे पोचेस्तोवर माझे चारही टायर बदलून होतील!" हसले सगळे. डॉलीसुद्धा. तिनंच 'नापास' दिलाय.

"नेडीननं त्याला बघितलंय," मी म्हणालो. "तुमच्यापैकी कोणी बघितलंय?"

कोणीच नाही.

मग तो दुसरा प्रश्न आला. आमच्यात ज्याचा गुण सगळ्यांत वरचा, त्यानं उन्हाळा संपायच्या आत जाऊन त्या पोराला खेळताना बघायचं आणि परत येऊन उभं राहून सगळ्यांना सांगायचं. हार्लन सवयीनं म्हणून गेला, "टॅलबर्टला बघायला कोण — 'अ' कुणाचा?" आणि तिथेच थांबला. चेहरा लाल झाला बिचाऱ्याचा.

"मी जाईन," मी म्हणालो.

२२ जुलै, मंगळवार

कॉरिनचा फोन, ॲरिझोनाहून. कपाटातले आईचे कपडे कधी देणार? इकडे राहायला कधी येणार? मी टॅलबर्टचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग, "बाबा, तुम्ही हे आईसाठी करताय की बेसबॉलसाठी?"

"करतोय," म्हटलं.

"हट्टी आहात तुम्ही."

हे आजवर तिच्या आईला म्हणायची. आता माझ्याकडे आलं.

२९ जुलै, मंगळवार

टॅलबर्टनं करारावर सही केली. कॅल्डरला पाठवलाय, हेरन्सच्या सगळ्यांत खालच्या टीममध्ये. गाडीनं चार तास.

हार्लनचा निरोप — "पोस्टमन कामावर रुजू झाला का?"

१३ ऑगस्ट, बुधवार. कॅल्डर

खालच्या टीममध्ये मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी रोज सामना असतो. मी आज पोचलो. उन्हानं बाकडी तापलेली. नेडीनची वही मांडीवर उघडली, नवं पान.

सातव्या इनिंगला तो आला. लहानखुराच आहे, टोपी कानांवर टेकलेली. पण चेंडू कुठून येतो तेच कळत नाही! हात पाठीमागे इतका उशिरापर्यंत दडवतो की बॅटर बॅट फिरवतो तेव्हा चेंडू अजून वाटेतच असतो. दोन इनिंग टाकल्या, इनिंगला तीन बाद. सहा बॅटर. चौघं नुसती हवा मारून परत गेले. एक तर स्वतःवरच हसत गेला.

मी उभा राहिलो. कुणी बघतंय का तेही बघितलं नाही. "शाबास!" ओरडलो. शेजारी कणीस खात बसलेली बाई म्हणाली, "तुमचा नातू का?"

"बायकोचा पिचर," म्हटलं. तिला काय कळलं कोण जाणे.

मोटेलवरून हार्लनला फोन केला. "चौघं? चौघं बाद? खोटं बोलतोस!" मग मागे वळून दुकानातल्या कुणाला तरी ओरडला, "अरे, नेडीनचा पोस्टमन चालला!" आणि मला, हळू आवाजात, "पारखी डोळा होता बाबा तिच्याकडे."

होताच!

१४ ऑगस्ट, गुरुवार. कॅल्डर

माझं काम झालं, घरी जायला हरकत नाही. पण खोली रविवारपर्यंत घेतली आहे. परत एकदा बघावा. घरी तरी काय आहे? नूडल्स आणि ट्यूना.

१६ ऑगस्ट, शनिवार. कॅल्डर

आज पुन्हा सातव्या इनिंगला आणला. समोर तेच बॅटर.

तो पिचरच्या उंचवट्यावर चढताच प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आला रे हळूवाला! थांबा पोरांनो, चेंडू येतोच!" आणि ते थांबले. तेच केलं त्यांनी. घाई केली नाही. बुधवारी जो स्वतःवर हसत गेला होता त्यानं चेंडू पार कुंपणापर्यंत मारला. आमचा तिकडचा खेळाडू पाठीनं कुंपणावर आपटला, पण झेल घेतला. पुढचा फटका सणसणीत, सरळ तिसऱ्या बेसवाल्याच्या हातमोज्यात. पुढचा टॅलबर्टच्याच छातीवर आला, त्यानं जीव वाचवायला हात पुढे केला आणि चेंडू त्यात अडकला. सहा बॅटर, सहा फटके. प्रत्येकाचा आवाज असा, की कुऱ्हाड सुक्या लाकडावर पडावी. आणि सहाही झेल!

धावा शून्य.

टॅलबर्ट कुंपणाशी मुलांच्या चेंडूंवर सह्या देत होता. गाल लाल, खूश. मी वही पुढे केली. तो म्हणाला, "बघितलंत सर? चार इनिंग झाल्या, अजून एक धाव नाही!"

"बघितलं," म्हटलं.

चांगला पोरगा आहे. सही करताना वहीतलं पान दुमडलं तर ते सरळ करून दिलं.

१७ ऑगस्ट, रविवार

घरी आलो. हार्लनचा निरोप होता — पेपरात आकडे आलेत, चार इनिंग, शून्य धावा, उद्या सगळे जमतायत, डॉली पीचची पेस्ट्री भाजतेय.

१२ एप्रिलचं पान काढून बसलो. पहिल्यांदा नीट वाचलं. तीन इनिंग. नऊ बॅटर. प्रत्येक बॅटर एकदाच. चौथीपासून पान कोरं.

कारण आम्ही उठलो होतो. नेडीन म्हणाली होती, "अजून एक इनिंग." मी म्हटलं, तुला थंडी वाजतेय, चल. खुर्चीची घडी मीच घातली. त्याला दुसऱ्यांदा बघणारे बॅटर चौथ्या इनिंगला येणार होते, आणि आम्ही तेव्हा गाडीत हीटर लावून बसलो होतो.

आकडे माझ्या बाजूनं आहेत. उद्या नुसतं उभं राहायचं, "चार इनिंग, शून्य धावा" म्हणायचं आणि बसायचं. कॅल्डरला आमच्यातलं दुसरं कोणी जाणार नाही. नेडीनचा 'अ' भिंतीवर राहील. हार्लन माफी मागेल. सगळ्यांना हवंय तेच होईल. मलाही.

चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात होतो. चिठ्ठीवर डोस चुकलेला दिसला की डॉक्टरला फोन करायचो. ओळखीचा असला तरी. रागावणारा असला तरी. एकदाही सोडलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

दुपारी दुकानात गेलो. कागदावर नेडीनच्या नावाभोवती कुणीतरी लाल चौकट काढलेली. डॉलीची असणार. पेस्ट्री टेबलावर, अजून गरम. हार्लननं हात पुसले, स्वच्छ शर्ट घातला. "उभा राहा, वेंडेल. तुझं झालं की मी माफी मागणार आहे. पाठ करून आलोय, उशीर करू नकोस."

उभा राहिलो. वही उघडून धरली.

बुधवारचं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग शनिवारचं सांगितलं. एकेक फटका, कुठे गेला, कसा वाजला. टाळ्या थांबल्या.

"तो नाही पोचायचा वरपर्यंत," म्हटलं. "पहिल्यांदा फसतात त्याला. दुसऱ्यांदा नाही फसत. वरच्या पायरीवर तर पहिल्यांदाही फसणार नाहीत."

"शून्य धावा आहेत, वेंडेल!" हार्लन जवळजवळ ओरडलाच. "पेपरात छापलंय!"

"पेपर तिथे नव्हता. मी होतो."

डॉली म्हणाली, "म्हणजे नेडीन चुकली म्हणतोस?"

"हो."

बाहेर हवा भरायचं यंत्र धडधडत होतं, ते बंद पडलं तेव्हा कळलं की इतका वेळ चालू होतं.

हार्लन खाली बसला. "म्हाताऱ्या, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? कोणाला कळणार होतं?"

"एकेचाळीस वर्षं गप्पच बसलोय."

मग पेन मागितलं. त्यानं दिलं. नेडीनच्या रकान्याला हात लावला नाही, तिचा 'अ' तिथेच आहे, शाईतला. त्याच्या शेजारी नवी रेघ मारली. वर माझं नाव लिहिलं. टॅलबर्टच्या ओळीत लिहिलं — क, पुढे उणे.

डॉलीनं मला पेस्ट्रीचा मोठा तुकडा दिला. हार्लन कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "'क' जास्तच झाला. मी 'ड'वर ठाम आहे."

"तू बघितलंयस त्याला?" म्हटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तू चुकलीस, नेडीन. चारचौघांत सांगून आलो. आता ये भांडायला — या खेपेला मीही बोलणार आहे.