आमच्या गल्लीतलं एकही मत बाद नाही

१६ फेब्रुवारी १९९८
अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, दूध तापत होतं. खाटेवरून हे म्हणाले, "मी नसलो तरी आपलं चिन्ह सोडू नको." मी दुधाकडं बघतच हो म्हणाले. दूध उतू गेलं नाही. हे त्याच आठवड्यात गेले. दोन वर्षं झाली. निवडणूक आली म्हणून आठवलं.

पेपरात एका बंदराच्या शहरातल्या मतदारांवर पानभर लेख आहे. गोदीतले कामगार कसे, कारखान्यातले कसे, बाया कोणाचं ऐकतात. मागल्या वेळी तिथं ढीगभर मतं बाद झाली म्हणे. एवढी जहाजं हाकतात, अन् शिक्का मारता येईना. आमच्या मस्तगडच्या गल्लीवर असं कोणी लिहीत नाही. मी लिहिणार. रोज एक घर.

१८ फेब्रुवारी
पहिलं घर माझंच. मतदार नंदाबाई, विधवा, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचायला शिकली. मत ठरलेलं. यांना शब्द दिलाय. बाकीची घरं उद्या.

२१ फेब्रुवारी
पाहुणे होते, म्हणून राहिलं. पाहुणे म्हणजे समोरची साळूबाई, पण दुपारभर बसली.

संध्याकाळी शेजारची जुबेदा आली. तिचा भाऊ बदरोद्दीन अपक्ष उभा आहे, चिन्ह किटली. सायकलचं दुकान धड चालेना, अन् खासदार व्हायला निघालाय. पण यांच्या आजारपणात दवाखान्यात जुबेदाच बसली होती. मला झोप लागायची, तिला नाही. आजवर तिनं काही मागितलं नाही. आज म्हणाली, "नंदाबाई, एक मत भाईला. बस." मी बिलकुल देते म्हणाले. तोंडातून गेलं.

२४ फेब्रुवारी
लेख थांबवलाय. आधी काम. गल्लीतल्या बायांची प्रॅक्टिस घेतली. ओलं काजळ, बाटलीचं बूच, जुना पेपर. एकाच चिन्हावर, एकदाच, मग उभी घडी, म्हणजे ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटत नाही. साळूबाईनं दोन ठिकाणी शिक्का मारला. मी म्हणाले, "अक्का, दोघांना दिलं की कोणालाच न्हाई."

"मंग एकाचं मन मोडायचं?"

बाया हसल्या. मी हसले नाही. शिकवणाऱ्यानं हसू नये. लेखात लिहिणार, आमच्या गल्लीतलं एकही मत बाद जाणार नाही. गॅरंटी.

२८ फेब्रुवारी, दुपार
मतदान झालं. शिक्का आधी यांच्या चिन्हावर मारला. मग खाली किटली दिसली. शिक्का अजून ओला होता.

घडी मात्र उभी घातली.

याला बाद म्हणता येणार नाही. हे दोघांना दिलेलं मत आहे. बायांना सांगायची गरज नाही, त्यांचा गोंधळ होईल.

३ मार्च
बदरोद्दीन पडला. डिपॉझिटही गेलं. जुबेदा माझ्या ओट्यावर बसून राहिली. गल्लीतले सगळे हो हो म्हणाले अन् फिरले, म्हणत होती. मग म्हणाली, "जाऊ द्या. तुमचं मत तं पडलं ना भाईला."

मी चहा टाकते म्हणून उठले. घरात आले तर यांच्या फोटोकडंही बघवेना. उद्या तिला सगळं बराबर सांगायचं. मग लेख पुरा करायचा.

४ मार्च
सकाळीच जुबेदाकडं गेले. ती पीठ मळत होती, हात भरलेले होते. म्हणाली, आलाच आहात तर जरा दुधाकडं बघा. मी दुधाकडं बघत उभी राहिले.