वरच्या कातळाची पहिली काडी

प्रिय रोझलिन,

फोन करायचा सोडून आई कागद काय खरडत बसली, असं म्हणशील. पण फोनवर तू "जेवलीस ना, गोळ्या घेतल्यास ना" एवढं विचारून मोकळी होतेस, आणि मला सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. म्हणून दवाखान्यातल्या नर्सकडून हे कागद मागून आणले.

मी वर जाऊन आले गं. वरच्या कातळावर, माझ्या वडिलांच्या जमिनीवर! रान राखणाऱ्या रेंजर लोकांचं हेलिकॉप्टर तिकडं निघालं होतं. त्यांच्यातल्याच आपल्या वस्तीवरच्या डेल्विनला म्हटलं, मलाही घे. तर म्हणतो कसा, "मावशी, यात वजन बघून बसवतात हं." याच्या तोंडात कासवाचं मटण मी घातलं, तेव्हा कुठं हा चालायला लागला, आणि आता माझं वजन काढतोय. मी सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. तुझा विल्फ्रेडमामा खालीच राहिला. त्याचे डोळे गेल्यात जमा आहेत आणि गुडघे तर कधीच गेले, पण रेंजर पोरांशी बोलायचा रेडिओ काही हातातून सुटत नाही.

खालचा सगळा पट्टा यंदा वेळेत जाळून झालाय. दव पडतंय तोवर लावलेली आग कशी गवतागवतातून गुडघ्याएवढी चालत जाते आणि अंधार पडला की आपली आपण विझते, ते तू लहानपणी पाहिलंयस. वरून बघितलं तर काळ्या जमिनीवर हिरवे कोंब फुटलेले आणि त्यावर कांगारू चरताहेत. रेंजरांचे ग्रँटसाहेब सांगतात, उशिराची मोठी आग टळली की धूर कमी होतो आणि आपल्या कारखान्यांच्या धुराची भरपाई म्हणून त्याचे पैसे दूरच्या कंपन्या देतात, त्यातून पोरांचा पगार निघतो. विल्फ्रेड हसत सुटला. म्हणाला, "आमचे आजोबा फुकट जाळायचे, वेडेच म्हणायचे!" पण खरं सांगू, पगारापेक्षा मला डेल्विनचं समाधान वाटतं. वस्तीवर नुसता बसून होता तेव्हा त्याची साखर किती वाढली होती. आता दिवसभर चालतो, रानकंद खणतो, रात्री गाढ झोपतो.

उतरल्या उतरल्या मी तिथल्या आपल्या पूर्वजांना हाक मारली. आपल्या भाषेत, मोठ्यानं. मी तुमचीच आहे, पोरांना घेऊन आलेय, त्यांना सांभाळा. मग झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन डेल्विनच्या डोक्यावर ओतलं, म्हणजे जमिनीला तो परका वाटू नये. एवढा दांडगा रेंजर, पण बाळासारखा डोकं वाकवून उभा होता.

आणि मग ती झाडं दिसली. कातळाच्या दोन भिंतींच्या मधे उभी असलेली. तिघांनी हात धरले तरी कवेत येत नाही असा एकेक बुंधा. माझ्या वडिलांनी मला त्यांच्या सावलीत निजवलं होतं, त्यांच्या वडिलांनी त्यांना. आम्ही खाली वस्तीला आलो, शाळा झाली, दुकान झालं, माणसं गेली, आणि ही मात्र तिथंच. मी सालीवर हात ठेवला. रडू काही येईना. एवढ्या मोठ्या गोष्टीची आपण आहोत, या विचारानंच अंग शहारलं. डेल्विननं टोपी काढली. 

पण गवत, रोझलिन! झाडांच्या पायापर्यंत माणसाच्या उंचीचं वाळकं गवत. आम्ही खाली आलो तेव्हापासून तिथं कुणी जाळलेलंच नाही. आता गरम वारे सुटले आणि एखादी वीज पडली, तर ती आग शेंड्यापर्यंत चढेल. ही झाडं एकदा जळली की परत येत नाहीत.

माझ्याच्यानं राहवलं नाही. माझ्या बापाची जमीन, कोण अडवतंय, म्हणून काडेपेटी काढली. डेल्विननं पाठ फिरवली. म्हणाला, "मावशी, मी काही बघितलं नाही, पण मला यात ओढू नको." तेवढ्यात कुणीतरी रेडिओवर सांगितलंच. विल्फ्रेड असा ओरडला म्हणून सांगू! "आतेभाऊ मेला नाही अजून तुझा! लाज वाटत नाही? जमीन तुझी असेल, पण काडी पडायची ती आमच्या शब्दानं. तुझ्या घरच्या बायकांची लेकरं आम्ही, राखणदार आम्ही!" मग हळूच म्हणाला, "शब्द तिथं उभं राहून द्यावा लागतो, आणि मला आता हेलिकॉप्टरातसुद्धा चढवत नाही. तुझ्या पोटची एक आहे ना डार्विन शहरात. तिला विचार." मी काडेपेटी खिशात टाकली. बरोबर आलेले ग्रँटसाहेबही वारा चांगला आहे म्हणून चुळबुळत होते, पण गप्प बसले. इतक्या वर्षांत तेवढं शिकलेत.

आता खरं ते सांगते. माझ्या किडन्यांनी हात टेकलेत. नर्स म्हणते, यापुढं दिवसाआड मशीनला लावावं लागेल, आणि मशीन डार्विनला. विमानाचं ठरलंय. मी येईन, कुरकुर न करता बसेन, तू काळजी करू नकोस. पण परत वर जायला मिळेल असं मला वाटत नाही, आणि त्याची मला फार भीती वाटते. जन्मभर तू मला विचारत आलीस, आई, मित्रांबरोबर जाऊ का, नोकरीला डार्विनला जाऊ का. आज मी तुला विचारतेय, आणि आई म्हणून नाही, तू या जमिनीची राखणदार आहेस म्हणून. माझ्या विमानाआधी, दव पडतंय तोवर, एकदा वर येशील? त्या झाडांपाशी माझ्या शेजारी उभी राहा आणि सांग, बाळा, माझ्या वडिलांच्या जमिनीवर मी आग लावू का?

तुझीच, तुझ्या शब्दासाठी थांबलेली,
आई