विसळून ठेव

आई, परवा अक्का आली होती. तांबरमच्या आपल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये भांडी घासायची आणि तू अड्यारला माझ्याकडे राहायला आल्यावर तुझ्या मागोमाग गाडी-बस बदलत इथेही येत राहिली, तीच. आता कामं सोडलीत तिनं, गुडघे गेलेत. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. कॉफी प्यायली, मी नको नको म्हणत असताना उठली, टंबलर नळाखाली धरला आणि म्हणाली, "विसळ पण्णिट्टेन." विसळलं म्हणे! शब्द तुझा, बाकी तमिळ तिचं. माझ्या लेकाला विचारलं विसळणं म्हणजे काय, तर तो फोन काढून शोधेल. आणि ही बाई घरी आपल्या सुनेलाही 'विसळ' असंच सांगते म्हणे. मला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले.

दिवसातून किती वेळा यायचा गं तो शब्द तुझ्या तोंडी! घासायला पावडर लागते नि जोर लागतो, विसळायला नुसतं पाणी नि थोडी लाज लागते, असं तुझं म्हणणं. मिक्सरचं भांडं विसळून ते पाणी आमटीत. दुधाचं पातेलं विसळून ते कणकेत. साबणाचे कपडे दोन पाण्यांतून विसळायचे आणि दुसऱ्या पाण्यानं मोरी धुवायची. मद्रासच्या उन्हाळ्यात पाण्याची लॉरी यायची, प्लास्टिकच्या घागरी रांगेत लागायच्या, तेव्हा तू पेलाभर पाण्यात चार ताटं विसळायचीस आणि तेच पाणी कढीपत्त्याला घालायचीस. मेला मेला म्हणता तो कढीपत्ता छपराला टेकला.

आणि तो दिवस! मी बारा वर्षांची आहे. मैत्रिणी जेवून गेल्यात, पाच ताटं सांबारभातासकट मोरीत वाळतायत आणि मी पुस्तक घेऊन लोळतेय. अक्का येते, पदर खोचते. तू तिला थांबवतेस, स्टुलावर बसवतेस, हातात कॉफी देतेस आणि मला हाक मारतेस. "या बाईसाहेब. विसळायचा कंटाळा ना? मग आता घासा." मी म्हणते, "पण ते तिचं काम आहे!" झालं. "घासणं तिचं काम आहे. तुझं उष्टं चिवडणं नाही. तिचा हात म्हणजे तुझी कचरापेटी नव्हे." मी नाक ओढत घासतेय, आणि अक्का बिचारी घोट घ्यावा की नाही या पेचात. दोन दिवस मी तुझ्याशी अबोला धरला. तुला ढिम्म फरक पडला नाही.

पण तुला लिहायला बसले ते यासाठी नाही. शेवटच्या दोन वर्षांत तुझी नजर गेली होती, तरी कपबशा विसळायचं काम तू सोडेनास. "तेवढं तरी करू दे," म्हणायचीस. कपाच्या तळाशी चहाचं वर्तुळ तसंच राहायचं. तू दुपारी पडलीस की मी गुपचूप सगळं परत विसळायची. एकदा वळून बघते तर तू दारात. नळ सोडलेला, माझ्या हातात तुझा कप. तू एवढंच म्हणालीस, "नळ बारीक कर," आणि भिंत चाचपत आत गेलीस. पुढच्या महिन्यात तू गेलीसच. अकरा वर्षं मला तेच खातंय गं, की तुझ्या हातातलं शेवटचं काम मी काढून घेतलं, तेही चोरासारखं. आणि साधं 'चुकलं' म्हणायचं धाडस झालं नाही.

परवा अक्काचा तो टंबलर बघून मी तिच्याजवळ हे सगळं ओकले. ती कपाळावर हात मारून हसायला लागली. "अम्माला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," म्हणाली. तू तिला सांगितलं होतंस म्हणे, तुझ्या त्या मोडक्या तमिळमध्ये: "बारा वर्षांची होती तेव्हा विसळ म्हटलं की नाक मुरडायची. आता न सांगता विसळते. म्हणून मी मुद्दाम थोडं ठेवते." मुद्दाम! काय बाई आहेस तू! खरंच मुद्दाम ठेवायचीस, की दिसत नाही हे अक्कापुढे कबूल करायची लाज वाटली, ते तुझं तुलाच माहीत. मी विचारणार नाही. मला मुद्दामच हवं आहे.

हा कागद कुठे पाठवायचा हा प्रश्नच नाही, तुझ्या चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवेन. फक्त एक सांगायचं राहिलं. दुपारी जेवले ते ताट अजून तसंच सिंकमध्ये आहे, वरणभात पार वाळलाय. विसरले नाहीये. मीही मुद्दाम ठेवलंय. म्हटलं, बघू, कोणी ओरडतं का.