उजव्या सीटवरचे पाहुणे

प्रिय ठमाबाई,

परवा फोनवर तू विचारलंस, आपलं घरी बांधलेलं विमान कुठवर आलं, आणि मी ‘चाललंय’ म्हणून वेळ मारून नेली. चालतबिलत काही नाही. महिनाभर ते शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं आहे. मालवाहू विमानं चालवून पोरगी दमून येते, तिच्यापुढे रडगाणं कशाला, असं तुझ्या आईचं म्हणणं. पण फोनवर मला धड खोटं बोलता येत नाही आणि खरंही, म्हणून लिहायला बसलो.

आधी बरं ते सांगतो. हलक्या वजनाची चाचणी-उड्डाणं नीट पार पडली. मी एकटा, अर्धी टाकी, शांत हवा. मग उजव्या सीटवर वाळू चढवत गेलो, दर खेपेला एकच पिशवी जास्त. पिशव्या आईने माझ्या जुन्या पँटींच्या शिवल्या. त्या कमरेला राहीनाशाच झाल्या होत्या. मामा त्यांना ‘पाहुणे’ म्हणतो. प्रत्येक पाहुण्याला पट्ट्यांनी आवळून बसवायचं, कारण वाळू मागे सरकली की शेपूट जड होतं आणि वर गेलेलं नाक खाली यायचं नाव घेत नाही. तुला हे सांगायला नको, पण तुझा मामा पडला लेथवरचा माणूस, त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागतं. वजन वाढलं तसं विमान धावपट्टी जास्त खायला लागलं, चढायला आळसावलं, पण दगा कुठे दिला नाही. राहिला तो शेवटचा टप्पा, पूर्ण वजनाचा. तो झाल्याशिवाय उजवीकडे माणूस बसवायचा नाही, हा नियम तूच शेडच्या भिंतीवर खडूने लिहून गेली आहेस. आम्ही तो पुसलेला नाही.

त्या टप्प्याआधी मला आत बसवून विमान पुन्हा काट्यांवर चढवलं. तीन चाकांखाली तीन काटे. बेरीज पहिल्या वेळेपेक्षा नऊ किलो कमी भरली. मामाने काट्यांना यथेच्छ शिव्या घातल्या, ते अदलून बदलून पाहिले, आकडा तोच. मग मी धसका घेतला, की काहीतरी गळून पडलंय. दिवसभर आम्ही झाकणं उघडून बोल्ट न् बोल्ट चाचपला, सगळं जागच्या जागी होतं. शेवटी काटे दुरुस्त करणारा आला. त्याने आपली वजनं ठेवून पाहिली, काटे बरोबर आहेत म्हणाला आणि गेला. आई दारात चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, पुरे झालं आता, तुम्ही एकटे उभे राहा एका काट्यावर. राहिलो. विमानातलं काही गेलं नव्हतं, मीच कमी भरलो होतो. तिला पँटींवरून केव्हाच कळलं होतं. कप तिथेच ठेवून ती आत निघून गेली.

तपासण्यांत निघालं, स्वादुपिंडात गाठ आहे. ऑपरेशनची वेळ टळून गेली म्हणतात. डॉक्टर सज्जन माणूस, किती दिवस असं विचारलं की चष्मा पुसायला घेतो. उडायला अर्थातच मनाई, आणि ती मला मान्य आहे. बाकी मान्य व्हायला जड जातंय. मला भीती वाटते, ठमे. दुपारी शेडमध्ये जातो आणि हातात पाना घेऊन नुसता बसून राहतो.

मामाला घाई झाली आहे. म्हणाला, भाऊजी, तुम्ही आता दोन पाहुण्यांएवढेच उरलात, त्यांना उतरवू आणि तुम्हालाच बांधू, ठमी एक चक्कर मारून आणेल. थट्टेत म्हणाला आणि तोंड फिरवून रडला. मलाही मोह झाला. तू शाळेत होतीस तेव्हा या विमानाची पहिली पट्टी कापली, ती एक दिवस तुझ्या शेजारी बसायचं म्हणूनच.

म्हणून हे पत्र. रजा काढून ये आणि शेवटचा टप्पा तू कर, पण रीतसर. वारा पडलेला असू दे, टाकी भरलेली आणि उजवीकडे वाळू. चांगलं उंचावर गेल्यावरच वेग कमी करून बघ, एवढ्या वजनाला ते कुठल्या वेगाला ढासळतं. हवा बिघडली तर बिघडलेली असेतो थांब. माझ्याकडे बघून तू पाघळशील, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो: मी स्वतः येऊन त्या सीटवर बसलो, लहान पोरासारखा हट्ट धरला, तरी मला खाली उतरव. टप्पा पुरा होईपर्यंत असलो तर बसेनच. नसलो तर आधी आईला बसव. विमानाची भीती वाटते असं ती सगळ्यांना सांगते, पण त्या सीटच्या गादीच्या कापडासाठी तिने सगळा बाजार पालथा घातला होता. ती नको म्हणेल. तिचा पट्टा तू तुझ्या हाताने आवळ.

तुझाच,
बाबा