बाबांचा डोळा आणि माझा तास

४ जानेवारी

पैज लागली! जेवणाच्या टेबलावर लागली, त्यामुळे साक्षीदार हजर — नवरा आणि लेक.

मी नेहमीसारखी सासऱ्यांच्या मागे लागले होते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टरीणबाई वर्षभर ऑपरेशन करा म्हणून सांगताहेत. बाबांचं एकच पालुपद — "नुसता नंबर वाढलाय. तू काच बदलून आण." मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर परक्यांच्या नाकावर चष्मे नीट बसवते, आणि घरचा माणूस कपाच्या शेजारी चहा ओततो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी वैतागून म्हणाले, "तू ती दहा किलोमीटरची शर्यत एका तासात पळून दाखव. त्याच आठवड्यात ऑपरेशन करून घेतो."

सगळे हसले. हसणारच. गेल्या वर्षी त्या शर्यतीत मी शेवटून पहिली आले होते. माझ्यामागे फक्त ॲम्ब्युलन्स होती. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "ताई, बसता का?"

मी म्हटलं, "लागली पैज." शर्यत मार्चच्या शेवटच्या रविवारी.

५ जानेवारी

पळाले. मेले.

११ जानेवारी

बाबा माझे प्रशिक्षक झालेत! ज्याला मी हरायला हवी आहे, तोच शिकवणार. "एकटी सोडली तर बाकावर बसून परत येशील," म्हणाले.

जिन्याखालची त्यांची जुनी उंच सायकल बाहेर काढली. लेकीच्या लहानपणीच्या सायकलवर अंतर मोजायचं मीटर होतं, ते काढून हिला बसवलं. दहा किलोमीटर झाले की ते पिंपिं वाजतं, म्हणजे वाचायची भानगड नाही. सेटिंगचे आकडे मुंगीएवढे. मी म्हटलं, द्या, मी बघते. झालं — "जन्मभर तारा जोडल्या मी. हे खेळणं मला जमत नाही होय?" मी हात मागे घेतला. सगळी नोकरी विजेच्या खांबांवर चढून केली त्यांनी, तो तोरा अजून उतरलेला नाही.

तळ्याकाठच्या रस्त्यावर सकाळी गाड्या सोडत नाहीत, म्हणून त्यांना सायकलवर बसू देते. नाहीतर माझं धावणं बाजूला आणि रखवाली पुढे.

२६ जानेवारी

पिंपिं काही केल्या वाजेना. वाजलं तेव्हा सव्वा तास उलटून गेला होता. बाबा खुशीत शीळ घालत घरी आले.

९ फेब्रुवारी

पुन्हा सव्वा तास. गोडधोड सोडलं, लिफ्ट सोडली, दुकानात जेवणाच्या सुट्टीत टाचा वर-खाली करते. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर नको हं." एवढं करून घोडं जिथल्या तिथे.

१३ फेब्रुवारी

बाबा जिन्यात पडले. शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही, जमीन आली असं समजून पाय टाकला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. देवाची कृपा. पण मी मलम लावत असताना ते दाराकडे बघून बोलत होते, आणि मी बसले होते दुसऱ्या बाजूला.

खूप रडले न्हाणीघरात. ही गमतीची पैज राहिलेली नाही. दुसऱ्या कुठल्याही कारणाने हा माणूस हो म्हणणार नाही, आणि माझे पाय हलत नाहीत.

२२ फेब्रुवारी

जीव भांड्यात पडला! काय लिहू, कुठून लिहू!

सायकलची चेन उतरली म्हणून बाबा आणि मी ती दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने मीटर पाहिलं. म्हणाला, "हे कुणी बसवलं? यात अजून छोट्या सायकलच्या चाकाचं माप आहे. काकांचं चाक केवढं! एका फेऱ्यात सायकल जाते किती आणि हे मोजतं किती."

म्हणजे? म्हणजे बाबांना ते मुंगीएवढे आकडे दिसलेच नाहीत, आणि त्यांनी नुसतंच काहीतरी दाबून "झालं" म्हटलं. म्हणजे मी रोज दहा समजून दीड-एक किलोमीटर जास्त पळत होते! मी मंद नव्हते. रस्ता लांब होता.

मी तिथेच हसत सुटले. दुरुस्तीवाल्याला वाटलं असेल बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. बाबा मात्र मीटर हातात घेऊन डोळ्याजवळ नेत, लांब नेत उभे होते. वाटेत एवढंच म्हणाले, "सूनबाई, फार पळवलं का गं तुला?"

"चांगलंच झालं की," मी म्हटलं.

१ मार्च

खरे दहा किलोमीटर पळाले. तास आणि वर चिमूटभर. बाबांनी आज शीळ घातली नाही.

१६ मार्च

भांडी पुसताना बाबा शेजारी येऊन उभे राहिले. "डोळ्यात सुई घालतात का गं?"

तर हे होतं! विजेच्या खांबाच्या टोकावर लटकणारा माणूस, आणि वर्षभर नुसता घाबरून बसला होता. मला राग यायला हवा होता, आला नाही. दुकानात ऑपरेशन करून आलेले कितीतरी लोक बघते, त्यांचं सगळं सांगितलं — थेंब घालतात, डोळा बधिर होतो, थोड्या वेळात मोकळे. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पण पैज म्हणजे पैज."

३० मार्च, शर्यत

आज मागे ॲम्ब्युलन्स नव्हती. ती कुठे होती मला माहीतही नाही, इतकी मागे!

पाय हलके, श्वास ताब्यात. शेवटचं वळण आलं, तिथून कमान दिसते आणि कमानीवर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ. तासाला अवकाश होता. जमणार होतं! आणि वळणावर, रस्त्याच्या अगदी मध्ये, बाबा. नवऱ्याचा डोळा चुकवून सायकल घेऊन तिथवर आले होते मला ओरडून बळ द्यायला. तोंड भलत्याच दिशेला. धावणारे त्यांना वळसा घालून चालले होते, एकाचा धक्का लागून सायकल कलंडली.

थांबले. दुसरं काय करणार? दंडाला धरून फुटपाथवर नेलं, सायकल उचलून भिंतीला टेकवली. "तू कशाला थांबलीस? पळ, पळ!" ते ओरडत राहिले.

पळाले. जीव खाऊन पळाले. एक तास, चौदा सेकंद.

कमरेवर हात ठेवून उभी राहिले. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात बाबा धापा टाकत आले. "एकोणसाठ मिनिटं!" येईल-जाईल त्याला सांगू लागले. "लाल आकडे होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले." समोरचा खांब न दिसणारा माणूस!

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. खोटं बोलले नाही. तोंड उघडलं नाही, इतकंच.

४ एप्रिल

झालं ऑपरेशन! गंगेत घोडं न्हालं. मी बाहेरच्या बाकावर एक मासिक उलटं धरून बसले होते. बाबा काळा चष्मा लावून बाहेर आले आणि म्हणाले, "एवढंच होतं होय? इतके दिवस कशाला थांबवलंत मला?" ऐका!

कित्येक महिन्यांत अशी गाढ झोपले नव्हते.

१३ एप्रिल

शर्यतवाल्यांनी फोटो पाठवला. मी कमानीखाली, वर घड्याळ. लपवायच्या आत बाबांनी फोन घेतला. हात लांब न करता, डोळे बारीक न करता वाचलं — "एक तास, चौदा सेकंद."

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"माहीत होतं," म्हणाले. "घड्याळ कुठलं दिसतंय मला! पण जिंकली असतीस तर आरडाओरडा केला असतास. तुझा आवाज आला नाही. मला फुटपाथवर नेण्यात वेळ गेला, तो माझ्या खात्यात. तो वजा कर. माझ्या हिशेबाने एकोणसाठच."

मग माझ्याच फोनवरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि डाव्या डोळ्याची तारीख मागितली.